टीपीआरच्या कागदावरचा वीस
(अकोट येथे एका स्मृती व्याख्यानमालेत मुख्यतः नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुठल्याही सरकारी वा खाजगी दवाखान्याच्या वॉर्डात जा, पलंगाला अडकवलेला टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा, कागद काढा आणि श्वासाचा रकाना वाचा. ताप वरखाली झालेला दिसेल. नाडी ८४, ९६, ११० अशी हललेली दिसेल. श्वास मात्र बहुतेक ठिकाणी २०. सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०. टायफॉइडच्या पोराला २०, बाळंतिणीला २० आणि न्यूमोनियानं धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यालाही २०. हा आकडा कोणी मोजलेला नसतो, तो लिहिलेला असतो. यात वऱ्हाडाची विशेष बदनामी नाही. जगभर अशा नोंदी तपासणाऱ्या अनेकांना श्वासाचा रकानाच सगळ्यात लबाड आढळला. कारण उघड आहे. तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला पट्टा आहे, बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजन आणि नाडी दोन्ही कळतात. श्वासाला मात्र डोळे, घड्याळ आणि एक अख्खं मिनिट लागतं. चाळीस पलंगांच्या वॉर्डात ते मिनिट कोणाला परवडत नाही, अशी तक्रार असते. तक्रार खरी आहे. पण ज्या रुग्णाची तब्येत ढासळत चालली आहे, त्याच्या शरीरात बहुतेक वेळा सगळ्यात आधी हलतो तो श्वासच.

नर्सनं रुग्णाला तपासायचं म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीची छोटी प्रत काढायची, असं अजूनही अनेकांना वाटतं. डॉक्टरांनाही वाटतं आणि खेदाची गोष्ट अशी, की काही पाठ्यनिर्देशिकांनाही वाटतं. डॉक्टर राउंडला येतात, पाच-दहा मिनिटं थांबतात आणि त्यांना त्या वेळात ठरवायचं असतं की आजार कोणता. नर्स त्याच माणसाला सकाळी सातला पाहते, दहाला पाहते, दोनला पाहते. तिला ठरवायचं असतं की मघापेक्षा आता काय वेगळं आहे. एकाच शरीरावर पुन्हा पुन्हा नजर टाकायची संधी अख्ख्या दवाखान्यात फक्त तिला असते. आजचं माझं सगळं बोलणं या एका मुद्द्यावर उभं आहे. तपासणीची सगळी कौशल्यं, म्हणजे पाहणं, स्पर्श, ठोकून बघणं, ऐकणं, ही या पुन्हा पुन्हा बघण्याच्या कामाला जुंपली तरच नर्सच्या उपयोगाची.

मोजण्यानं काय होतं, हे आपल्याच विदर्भानं जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेत काम सुरू केलं तेव्हा लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठं कारण होतं. गावात डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, आणि स्टेथोस्कोप दिला तरी तो वापरणार कोण? पण न्यूमोनिया झालेलं मूल भराभर श्वास घेतं आणि ते दिसतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. अडचण अशी, की गावातल्या अनेक सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक साधं यंत्र बनवलं गेलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की काम झालं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी दाखवलं, की गावातल्याच माणसांनी श्वास मोजून औषध दिल्यावर न्यूमोनियाचे मृत्यू घटतात. पुढे १९९९ साली घरोघरच्या नवजात बाळांच्या देखभालीचा अभ्यास आला. त्यात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ बघायला घरी जाते, त्या योजनेचं मूळ तिथे आहे. अक्षरओळख नसलेल्या सुईणबाईला जे मिनिट देता आलं, ते तीन वर्षांचा नर्सिंगचा जीएनएम कोर्स केलेल्या मुलीला देता येत नसेल तर दोष शिकवणाऱ्यांचा आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत आपण पायऱ्या म्हणून घेतो आणि गुण देतो. माझी परीक्षकांना विनंती आहे, की त्याच रुग्णाचा श्वास तुम्हीही त्याच वेळी घड्याळ लावून मोजा आणि मग दोन आकडे शेजारी ठेवा.

मोजायची रीत थोडक्यात सांगते. मोठ्या माणसाला ‘आता तुमचा श्वास मोजते’ असं सांगू नका, सांगितलं की तो बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर तेवढी छातीवर न्यायची. मूल आईच्या मांडीवर शांत असताना, रडत वा पीत नसताना, झबलं वर करून पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की चूकही दुप्पट होते. शिवाय तान्ही बाळं मधेच चारदोन सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेतात. मोजताना फक्त मोजू नका. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलताहेत का, कण्हण्याचा आवाज येतोय का, हेही त्याच मिनिटात दिसतं.

आता अकोटकडे येते. पुस्तकातला रुग्ण कुठल्याच गावचा नसतो. आपला रुग्ण कपाशीच्या पट्ट्यातला आहे आणि पावसाळ्यात तिथे फवारणीचे दिवस येतातच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात आले, काहींची दृष्टी अधू झाली. त्या बातम्या तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना ऐकल्या असतील. अशा रुग्णाच्या बाबतीत नर्सचे डोळे आणि हात काय करतात, ते जरा सावकाश बघू.

ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या विषानं माणूस ओला होतो. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाडी मंद होऊ शकते. स्नायू कातडीखाली फडफडताना दिसतात. अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू होतो आणि तिथून पुढचे कित्येक तास डॉक्टरांना जी माहिती हवी असते, ती सगळी तपासणीतूनच येते, आणि ती तुमची असते. छातीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावा, बुडबुड कमी झाली का? नाडी ८० च्या वर गेली का? रक्तदाब सावरला का? बगलेत हात घालून बघा, कोरडी झाली का? होय, बगल. लाखभर रुपयांचा मॉनिटर ते सांगत नाही. आणि औषध गरजेपेक्षा जास्त झालं तर चित्र उलटतं: अंग तापतं, माणूस बरळतो, हवेत काहीतरी पकडायला बघतो, पोटातले आतड्यांचे आवाज बंद होतात. काल ज्याच्या बगलेत घाम शोधत होतात, त्याच्या पोटावर आज स्टेथोस्कोप ठेवून शांतता शोधायची असते.

मग दुसरा-तिसरा दिवस. रुग्ण शुद्धीवर आला, बोलतोय, चहा मागतोय, बायको घरी जाऊन आली. नेमक्या याच काळात, साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, काहींची मान लुळी पडायला लागते आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू थकतात. हे ओळखायला एक वाक्य पुरतं: ‘दादा, उशीवरून डोकं उचलून दाखवा बरं.’ सकाळी उचललं होतं आणि दुपारी उचलता येत नाही, तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचं. ऑक्सिमीटर त्या क्षणी ९७ दाखवत असेल, तो आकडा पडायला वेळ लागतो. फवारणीच्या रुग्णाला दर दोन-तीन तासांनी मान उचलायला लावणं हे मला या भागातल्या नर्सिंगचं सगळ्यात मोलाचं कौशल्य वाटतं. पुस्तकात त्याला दीड ओळ मिळते.

सापांच्या दंशातही असंच, आधी मण्यार घ्या. माणूस जमिनीवर झोपलेला असतो, रात्री चावते, दुखत नाही, खूण सापडत नाही. पहाटे येऊन सांगतो, ‘बाई, पोट दुखते अन् डोये जड झाले.’ पोटदुखी म्हणून त्याला इंजेक्शन देऊन बाकावर बसवणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण. त्याला वर बघायला सांगा आणि तसंच मिनिटभर बघत राहायला सांगा. पापण्या हळूहळू खाली उतरल्या तर उत्तर मिळालं. नंतर म्हणा, ‘एका दमात मोज बाप्पा, एक, दोन, तीन…’ पहिल्यांदा तीसपर्यंत गेला, तासाभरानं अठराला अडला, तर श्वास हातचा चालला आहे. हा आकडा वेळेसकट लिहून ठेवा. घोणस चावली असेल तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं, गोठलं की नाही. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणानं धुतलेली चालत नाही, आणि वीस म्हणजे वीस.

मे महिन्याच्या उन्हाबद्दल अकोल्याच्या माणसाला काय सांगावं! एवढंच लक्षात ठेवा, की उष्माघातात अंग कोरडंच असतं हे अर्धसत्य आहे. उन्हात राबणारा मजूर घामानं निथळत असूनही उष्माघातात असू शकतो. ४० अंशांपुढचा ताप आणि बोलण्यातली विसंगती ही जोडी बघा.

स्पर्शाकडे वळते. आपल्याकडे वैद्यकाची परंपरा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगते. युरोपात १७६१ साली आउएनब्रुगर या वैद्यानं छातीवर बोटांनी ठोकून आतलं पाणी ओळखण्याची रीत मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपात किती भरलंय हे ठोकून ओळखणं त्यानं घरी पाहिलं होतं, असं सांगतात. हात शिकतो तो सवयीनं. अकोटच्या बाजारात कापसाचा जाणकार चिमूटभर रुई बोटांत ओढतो आणि धाग्याची लांबी सांगतो. त्याच्या बोटांनी हजारो गाठी पाहिलेल्या असतात. तुमच्या बोटांनी आधी शेकडो निरोगी मनगटं, निरोगी पोटं, निरोगी पावलं पाहिली पाहिजेत. विद्यार्थी आजारी माणसापासून सुरुवात करतात, ते मला पटत नाही. हॉस्टेलमध्ये एकमेकींवर हात बसवा. उष्णता हाताच्या मागच्या बाजूनं बघायची, तळव्यानं नाही. नाडी तर्जनी-मध्यमेनं, अंगठ्यानं कधीच नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. तान्ह्या बाळाचं पोट आणि पावलं एकामागोमाग एक चाचपा. दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार आणि पावलं गार तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार तर धावपळ करा.

गार हातपाय हे लक्षण साधं वाटतं, पण तसं नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र रात्र बसले. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि मग फुप्फुसांत पाणी, हा क्रम त्यांनी पलंगाशेजारी बसून टिपला आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणला. प्राझोसिन या औषधाचा उपचार त्यानंतरचा. आधी लक्षणं बघितली गेली, म्हणून औषध सुचलं.

रंगाबद्दल एक कुरकुर. आपल्या नर्सिंगच्या पुस्तकांतली चित्रं गोऱ्या कातडीची आहेत. फिकट, निळसर, लालसर हे शब्द त्या कातडीवर दिसतात. आपल्या रुग्णाच्या गालावरून रक्त कमी आहे हे कळणार नाही. खालची पापणी ओढून आतला भाग बघा, जीभ बघा, तळहाताच्या रेषा बघा. निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला. कावीळ दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळे. आणि बोटाचा चिमटाही निर्दोष नाही. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की काळ्या रुग्णांमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र ठीक दाखवतं, असं होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. थंड बोटं आणि नेलपॉलिश यांनीही तो चकतो. आकडा आणि माणूस यांचं जुळत नसेल तर माणसावर विश्वास ठेवा.

रक्तदाबावर तासभर बोलता येईल, पण दोनच गोष्टी सांगते. पट्टा दंडाला शोभेल असा हवा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के. आपल्या बारीक दंडाच्या बाईला मोठा पट्टा बांधला की रक्तदाब खोटा कमी येतो, आणि ती बाई गरोदर असेल तर १४०/९० ची धोक्याची रेषा त्या पट्ट्याखाली लपते. दुसरी गोष्ट, शेवटचा आकडा. सगळ्यांचे रक्तदाब शून्यावर संपत असतील, १२०, ११०, १३०, तर तो वॉर्ड मोजत नाही, अंदाज बांधतो.

ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा बांधणं, पदरावरून स्टेथोस्कोप ठेवणं, याचं कारण घाई एवढंच नसतं, संकोच असतो. स्टेथोस्कोपचा जन्मच संकोचातून झाला. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकला एका तरुणीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानं कागदाची गुंडाळी केली. पण संकोचापायी तपासणीच टळली तर काय होतं? १९८९ साली डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा विकार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. म्हणून पडदा ओढा, मुलगा असाल तर सिस्टरला किंवा मावशींना सोबत उभं करा, काय करणार ते आधी सांगा, आणि जेवढं तपासायचं तेवढंच उघडं करून लगेच झाका. मग तपासणी पूर्ण करा, अर्धवट नको. आणि वयाला शोभेल अशी हाक मारा: काकू, आजी, माय, दादा. ‘बेड नंबर बारा’ म्हणून हाक मारल्यावर कोणी खरं सांगत नाही.

पोपटखेडच्या रस्त्यानं वर गेलं की मेळघाट. तिथून उठवून अकोट-तेल्हारा भागात वसवलेली गावंही आता आपल्याच दवाखान्यात येतात. तिथली कोरकू आदिवासी आई फार बोलत नाही, तिची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही. म्हणून तिथे प्रश्न कमी पडतात आणि पाहणं जास्त लागतं. मुलाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिसले, ज्याला तिकडे ‘डम्मा’ म्हणतात, तर आवाज चढवू नका. तिनं तिच्या परीनं पोटफुगीवर उपाय केला आहे. चढलेला आवाज ऐकून ती पुढच्या वेळी येणार नाही. पोट तपासताना आधी बघा, मग ऐका, मग ठोका आणि दाबणं शेवटी, कारण आधी दाबलं की आतड्यांचे आवाज बदलतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाला फीत लावा: ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, १२.५ च्या खाली मध्यम. पण फितीवर विसंबून पावलं बघायची राहू नयेत. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर फीत काहीही म्हणो, ते मूल तीव्र कुपोषित आहे. सुजलेलं मूल बाळसेदार दिसतं आणि आईही खूश असते.

शेवटी ड्यूटी बदलण्याबद्दल. हँडओव्हर टेबलाशी बसून होतो, केसपेपर वाचून होतो. तो पलंगापाशी व्हावा आणि जाणारी व येणारी दोघींनी मिळून रुग्ण पाहावा. ‘ठीक आहे’, ‘तब्येत सुधारली’ असले शब्द लिहू नका. लिहा: ‘दुपारी २ वाजता मान उशीवरून उचलली, बगल कोरडी, एका दमात २६ पर्यंत मोजलं.’ येणारीनं तेच तिच्या देखत पुन्हा करून घ्यावं, म्हणजे पुढच्या तपासणीला तुलना करायला काहीतरी हाताशी राहील. घोणस चावलेल्या रुग्णाची लघवीची पिशवी दोघींनी उजेडात धरून रंग पाहावा, आणि मावशींनी ती रिकामी करण्याआधी मोजून लिहावी.